नाव घातलेलं सामान

माझी ॲल्युमिनियमची शिडी सध्या महूला असते. माझ्या बायकोचा सागवानी पोळपाट, अंगणातला लाकडी बाक आणि एक पितळी बादली तिच्या सोबतीला आहेत. या वस्तू मी कुणाला दिल्या नाहीत, विकल्या नाहीत आणि त्या चोरीलाही गेल्या नाहीत. त्यांच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलेलं होतं, आणि शालनताई देवरे यांच्या कारभारात नाव घातलेलं सामान जातंच. फाटकावरही त्यांनी नाव घातलं होतं. ते मात्र भिंतीत घट्ट बसवलेलं असल्यामुळे वाचलं.

देवळाली कॅम्पात आमचं दुमजली घर आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो. वर मी आणि माझी बायको मंदा राहतो, खालचा मजला भाड्याने देतो. कॅम्पात भाडेकरू म्हणजे बहुधा फौजी. साहेब सरहद्दीवर आणि कुटुंब इथे, असाच प्रकार असतो. देवऱ्यांचंही तसंच होतं. सुभेदार वाय. डी. देवरे कुठेतरी बर्फात होते, मुलगी पुण्याला नर्सिंग शिकत होती, आणि खालच्या मजल्यावर शालनताई एकट्या. एकट्या म्हणजे आपल्या काळ्या पेट्यांसह.

त्या राहायला आल्या तेव्हा ट्रकमधून आधी या पत्र्याच्या पेट्या उतरल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत साहेबांचा नंबर, हुद्दा, नाव. मग पंखा उतरला, त्याच्या पात्यावर नाव. केरसुणीच्या मुठीवर नाव. कुकरच्या पोटावर नाव. सगळं उतरवून झाल्यावर शालनताई वर आल्या. उंच, काटक बाई, पदर कमरेला खोचलेला, आणि कानामागे पेन्सिल खोचावी तसा बारीक ब्रश खोचलेला.

"भाऊ, शिडी शे का?"

बागलाणकडच्या त्या. बोलणं चारचौघांसारखं करायला जायच्या आणि मध्येच 'आहे'च्या जागी त्यांचं 'शे' डोकं वर काढायचं. मी शिडी दिली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर लिहिलेलं होतं : सुभेदार वाय. डी. देवरे.

"अहो ताई, ही माझी शिडी आहे."

"तुमचीच शे. पण नाव नसलेली वस्तू हरवते, भाऊ. आता नही हरवणार."

मी आयुष्यभर स्टोअरमध्ये वस्तू मोजल्या, पण इतकं बिनतोड उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. पुढे त्यांच्याकडे जे जे उसनं गेलं ते ते बारसं होऊन परत आलं.

या रंगरंगोटीमागचं कारण त्यांनी मंदाला एकदा सांगितलं. फौजेत बदली झाली की चार घरांचं सामान एकाच व्हरांड्यात येतं, चढवणारी माणसं परकी. ती एवढंच बघतात, नाव आहे की नाही. नाव असेल ते ट्रकमध्ये, नसेल ते मागे. "पठाणकोटले मोगरा राहिला, वहिनी. जामनगरले शिवणयंत्र राहिलं. बेळगावले तर कालवड राहिली. तिच्यावर नाव घालू दिलं नही सुभेदारांनी. मी ब्रश घेऊन उभी व्हती, ते मध्ये आले." हे त्या हसत सांगत होत्या, पण कालवडीपाशी त्यांचा आवाज जरा बसला, असं मंदा म्हणाली.

घर त्या फौजी शिस्तीने चालवत. संध्याकाळी दारातल्या चपलांची 'गिनती' होई. दूधवाल्याने 'दूध!' असं ओरडून चालत नसे, 'हाजिर' म्हणावं लागे. सुरुवातीला तो लाजायचा. पुढे इतका सरावला की आमच्याकडेही हाजिर व्हायला लागला.

आता जीपकडे वळतो.

एका सकाळी मी गॅलरीत चहा पीत होतो. फाटकासमोर ट्रॅक्टर थांबला. त्याच्यामागे दोराने बांधलेलं काहीतरी होतं. चार चाकं होती, त्यातली दोन एका मापाची नव्हती. वर टप नाही, पुढे दिवे नाहीत, सीटच्या जागी कांदे भरायच्या प्लास्टिकच्या उपड्या जाळ्या. मागच्या बाजूने एक कोंबडी उतरली आणि आमच्या अंगणात चरायला लागली. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या शेजारी शालनताई बसल्या होत्या, वरातीत नवरदेव बसतो तशा.

"ताई, हे काय?"

"ही मन्हा मामानी जीप शे, भाऊ!" आनंदाच्या भरात सगळी अहिराणीच बाहेर आली.

गोष्ट अशी होती. त्यांच्या कळवणच्या मामांनी फार पूर्वी फौजेच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली होती. आसपासच्या गावांची लग्नं तिच्यातून लागायची. शालनताईंचंही तिच्यातूनच लागलं. सासरी जाताना घाटात जीपचा फॅनबेल्ट तुटला. वऱ्हाडातले म्हातारे कपाळाला हात लावून बसले, ड्रायव्हर मामा बिडी ओढत चालते झाले. नवरीने शालू खोचला, बॉनेट उघडलं आणि नवरदेवाच्या खांद्यावरचं उपरणं मागितलं. उपरण्याला नवरीच्या शेल्याची गाठ मारलेली होती, ती सोडायची म्हणजे अपशकुन, म्हणून सासूबाई ओरडायला लागल्या. नवरीने गाठ सोडली नाही. शेला आणि उपरणं एकत्र पिळून पट्टा केला आणि बांधला. बेल्ट जमला, पण तोवर बॅटरी बसली होती. मग धक्का कोण मारणार? म्हाताऱ्यांच्यात दम नाही, आणि हळदीच्या अंगाने नवरदेवाने गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. तेव्हा नवरदेव, म्हणजे आजचे सुभेदार यशवंतराव देवरे, आत चक्राशी बसून राहिले आणि नवरीने जीप ढकलली.

"लोकांची गाठ बामण बांधतो," शालनताई म्हणायच्या, "आमची फॅनबेल्टने बांधली."

मामांनी थकल्यावर जीप विकली. ती फिरत फिरत चांदवडच्या पोपटशेठ नावाच्या कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यात जाऊन पडली. शालनताई नात्यातल्या एका कार्याला चांदवडला गेल्या होत्या, तिथे त्यांना ती दिसली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. पोपटशेठ विकायला तयार नव्हते. पण त्यांची नजर शालनताई ज्या गाडीवरून आल्या होत्या तिच्यावर होती. ती होती सुभेदारांची मोटरसायकल. जवळजवळ नवी. टाकीवर, अर्थातच, पांढऱ्या अक्षरांत नाव.

व्यवहार जागेवरच झाला. सुभेदारांना विचारायला हवं होतं, पण ते जिथे होते तिथे फोन लागत नव्हता. निदान शालनताईंनी आम्हाला तसं सांगितलं.

सुभेदार सुट्टीवर आले तेव्हा मी आणि मंदा दोघंही गॅलरीत होतो. मुद्दाम नव्हतो, पण आत जायचंही काही कारण नव्हतं. सुभेदार म्हणजे ताठ, मिशाळ माणूस, कपड्यांना इस्त्री आणि बोलण्यालाही इस्त्री. त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली, अंगणातल्या शेडकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"मनी मोटरसायकल कोठे शे?"

"चांदवडले शे."

"तठे काय करस ती?"

"पोपटशेठ फिरस तिच्यावर."

सुभेदारांनी एक दीर्घ श्वास घेतला. मंदा नगरची, तिला अहिराणी येत नाही. पण तिनेही माझा हात घट्ट धरला.

"आनि हाई काय शे?"

"हाई आपली लगननी गाडी शे."

सुभेदार जीपपाशी गेले. चाकाला बुटाने टोचलं. टोचल्याबरोबर कुठूनतरी एक नट गळून पडला. त्यांनी तो उचलला, खिशात ठेवला आणि कांद्याच्या जाळीवर बसले. मग उठून त्यांनी हुकूम सांगितला, तो शुद्ध मराठीत, म्हणजे आम्हालाही कळावा म्हणून.

"शालन, फौजेत गाडी आठवणींवर चालत नाही, पेट्रोलवर चालते. पुढच्या बदलीच्या दिवशी ही वस्तू स्वतःच्या दमावर या फाटकाबाहेर गेली, तर आपल्याबरोबर येईल. नाही गेली, तर मी स्वतः भंगारवाल्याला बोलावीन. त्या दिवशी रडायचं नाही."

"मंजूर," शालनताई म्हणाल्या. नंतर त्या मंदाला म्हणाल्या, "वहिनी, प्रत्येक ठिकाणी मी काहीतरी सोडून आले. ही नही सोडणार. सांगून ठेवते."

आणि मग आमच्या घराचं गॅरेज झालं. व्हॉल्व्ह कढईत रॉकेलमध्ये भिजायला पडले. वॉशर मसाल्याच्या डब्यात, मोहरीच्या शेजारच्या वाटीत. एकदा त्यांनी वर बेसनाचे लाडू पाठवले. माझ्या दाताखाली नट आला. मी तणतणत खाली गेलो, तर त्यांनी तो माझ्या हातातून झडप घालून घेतला. "सापडला! अहो भाऊ, दोन दिवस झाले शोधते शे!" दाताची चौकशी नाही.

सातपूरच्या लहान लहान वर्कशॉपमध्ये माझी ओळख होती, म्हणून घडवायचे भाग आणायचं काम माझ्याकडे आलं. एकदा एक रिंग करून हवी होती. मी माप विचारलं. त्यांनी हातातली बांगडी काढून दिली. "याच्यात बसली पाहिजे, पण फिरली नही पाहिजे." आमच्या ओळखीच्या लेथवाल्याने बांगडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वहिनी बऱ्या आहेत ना, असं विचारलं. रिंग मात्र बरोबर बसली.

पण सगळ्यात कहर झाला तो संक्रांतीला. शालनताईंनी कॅम्पातल्या यच्चयावत बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. बायका काळ्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या. तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात तारेचा ब्रश आला. गंज खरवडायचा ब्रश. तो घाऊक आणून देण्याचं पुण्य माझंच, फक्त तो कशासाठी हे मला सांगितलेलं नव्हतं.

"प्लास्टिकचे डबे घेऊन कंटाळल्या नही का?" शालनताई म्हणाल्या. "वाण कसं, लगेच वापरून बघावं. चला, शेडमध्ये चला."

आधी बायका हसल्या. मग एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने पदर खोचला, आणि मुख्याध्यापिकाच पुढे झाल्यावर बाकीच्यांना गत्यंतर राहिलं नाही. घटकाभरात शेडमध्ये अशी खरवड चालू झाली की शेजारच्या कुत्र्याने गळा काढला. आधी कांद्याची माती निघाली, मग निळा रंग निघाला, मग लग्नाच्या दिवसांतला पिवळा. आणि त्याच्याखाली, बॉनेटच्या बाजूला, शेवाळी हिरव्यावर पुसट पांढरे आकडे दिसायला लागले. फौजेचा नंबर. मंदाच्याच ब्रशखाली निघाला तो.

शालनताईंनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "बघा! हिच्यावर आधीच नाव घातलेलं शे," त्या म्हणाल्या. "ही तर आमच्या साहेबांपेक्षा सीनियर शे!" बायका हसल्या आणि त्याही हसल्या. पण डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला तो ग्रीसचा होता, त्यामुळे उरलेलं हळदीकुंकू त्यांनी काळ्या तोंडाने वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला इंजिन सुरू झालं. फक्त एक अडचण होती. जीप मागेच जायची. गिअर रिव्हर्समध्ये पडायचा, पुढचा कुठलाच पडायचा नाही. दुसरं कुणी खट्टू झालं असतं. शालनताई जीप घेऊन पिठाच्या गिरणीवर गेल्या, उलट्या. मान वळवून, एका हाताने पदर सावरत, शेजारच्या जाळीवर दळणाचा डबा. येतानाही उलट्याच आल्या. लोकांनी पहिल्या दिवशी गर्दी केली, नंतर नुसतीच वाट द्यायला लागले. सुभेदारांना फोनवर हे कळलं तेव्हा त्यांनी हरकत घेतली. शालनताई म्हणाल्या, "तुम्ही 'फाटकाबाहेर' म्हणाले व्हते. कोणत्या तोंडाने ते नही म्हणाले." पुढचे गिअर शालनताईंनी नंतर दुरुस्त केले, पण तो मुद्दा त्या जिंकल्या असंच मी मानतो.

आणि बदली आली. महू. तिथे कुटुंब बरोबर नेता येणार होतं. तीन वर्षं जो माणूस फोनमध्येच असायचा तो आता जेवायला घरी येणार होता. शालनताईंनी मंदाला मिठी मारली आणि लगेच पांढऱ्या रंगाचा नवा डबा फोडला.

सुभेदार सामान न्यायला आले. ट्रक सकाळी पुढे जाणार, मागाहून हे दोघं जीपने. जीपने नाही जमलं तर संध्याकाळच्या रेल्वेची तिकिटं सुभेदारांनी काढून ठेवलेली, आणि दुपारी यायला भंगारवाल्याला सांगितलेलं. फौजी माणूस, त्याने दोन्हीकडची तयारी केली होती. जीप आदल्या दिवशी जरा कुथत होती, म्हणून शालनताईंनी शेवटची सफाई करायला कार्ब्युरेटर काढला. धूळ बसू नये म्हणून मुलीच्या लहानपणच्या दुपट्यात गुंडाळला आणि एका छोट्या काळ्या पेटीत ठेवला.

सकाळी ट्रक आला. शालनताईंनी हमालांना रांगेत उभं केलं आणि हुकूम दिला. "ज्याच्यावर नाव शे, ते चढवा. नाव नही, त्याला हात लावू नका. मला विचारू नका." आणि त्या मंदाकडे निरोपाचा चहा प्यायला वर आल्या.

हमाल गुणी निघाले. त्यांनी खरोखरच काही विचारलं नाही. पेट्या चढवल्या, पंखा चढवला, केरसुणी चढवली, माझी शिडी चढवली, बाक चढवला, पोळपाट आणि बादली शोधून चढवली. छोटी काळी पेटी तर त्यांनी जपून, सगळ्यात आत ड्रायव्हरच्या पाठीशी ठेवली. आम्ही चहा पिऊन खाली आलो तेव्हा ट्रक आग्रा रोडला लागला होता.

शालनताईंनी शेडमध्ये जाऊन पेटीची जागा बघितली. ती रिकामी होती. एवढ्या वर्षांत ज्या रंगाने त्यांचं काही हरवू दिलं नव्हतं त्याच रंगाने नेमकी ती एक वस्तू नेली होती.

त्यांनी ट्रकवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, अब तो महू में ही मिलेगा. मैं वापस नहीं घूमता." आणि फोन ठेवला. सुभेदार व्हरांड्यात उभे होते. त्यांना काय झालं ते कळलं होतं. त्यांचा चेहराही पडला होता, पण हुकूम त्यांचाच होता, आणि दिलेला हुकूम परत घ्यायची सवय नव्हती.

तेवढ्यात, दुपारची वाट न बघताच, भंगारवाला आला. टेम्पो, तराजू, सगळं घेऊन.

"बस," शालनताई त्याला म्हणाल्या. "चहा पी. तराजू फाटकाच्या बाहेर ठेव." आणि त्यांनी दुसरा फोन लावला. पोपटशेठना.

पुढचं आम्हाला नंतर पोपटशेठकडूनच कळलं. फोन ठेवल्याबरोबर ते खळ्यातून निघाले आणि चांदवडजवळ हायवेच्या कडेला मोटरसायकल आडवी लावून उभे राहिले. ट्रक दिसताच हात वर केला. ड्रायव्हरला टाकीवरचं नाव दिसलं. तेच नाव त्याच्या मागे सगळ्या सामानावर लिहिलेलं होतं. सकाळी हुकूम बाईंनीच दिलेले, त्यामुळे त्याला वाटलं, साक्षात सुभेदारसाहेब मागून गाठायला आले. तो खाली उतरला, त्याने सलाम ठोकला आणि न विचारता पेटी काढून दिली. पोपटशेठ आयुष्यभर कांदे विकणारे, पण त्यांनी तो सलाम घेतला. वर "शाब्बास" म्हणाले.

इकडे आमची दुपार सरत नव्हती. शालनताईंना हात रिकामे ठेवता येत नाहीत. त्यांनी कानामागचा ब्रश काढला आणि जीपच्या मागच्या फळीवर नाव घालायला बसल्या. मी वाकून बघितलं. नंबर नव्हता, हुद्दा नव्हता, देवरे नव्हतं. मोठ्या, गुबगुबीत अक्षरांत एकच शब्द होता : शालन.

"साहेबांचं नाव नाही?"

"त्यांचं सगळ्यावर शे, भाऊ. ही मनी शे." मग ब्रश थांबवून म्हणाल्या, "गेली तर माझ्या नावाने जाईल. भंगारात गेली तरी माझ्याच नावाने जाईल."

सुभेदारांनी हे ऐकलं. घड्याळात बघायचं त्यांनी सोडून दिलं.

भंगारवाल्याचा तिसरा चहा झाला आणि कोपऱ्यावरून आवाज आला. पोपटशेठ, धुळीने पांढरे झालेले, पोटाशी काळी पेटी. सुभेदार पायऱ्या उतरून धावत गेले. पेटीकडे नाही, मोटरसायकलकडे. "मोटरसायकल घर उनी!" म्हणाले आणि तिच्या टाकीवरून हात फिरवायला लागले.

"शेठ, नाव पुसलं नाही अजून?" मी विचारलं.

"येडा हाय का मी?" पोपटशेठ म्हणाले. "या नावावर लय रामराम मिळतो हायवेला."

कार्ब्युरेटर बसला. जीप खोकली, थुंकली आणि चालू झाली. शालनताई चक्राशी बसल्या. आमच्या फाटकापाशी रस्ता जरा चढाचा आहे. जीप शेडमधून निघाली, अंगण ओलांडलं, पुढची चाकं फाटकाबाहेर गेली आणि गचकन बंद पडली. पुढची बाहेर, मागची आत.

भंगारवाला हळूच उठून उभा राहिला. शालनताईंनी दोनदा किल्ली फिरवली. आतून नुसतं घर्रर्र झालं.

त्या मागे वळल्या. "अर्धी गेली शे," त्या म्हणाल्या. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्या नवऱ्याकडे काही मागत होत्या.

"अर्धी," सुभेदार म्हणाले.

त्यांनी बाह्या वर केल्या. प्रवासासाठी घातलेला कडक इस्त्रीचा निळा शर्ट होता. ते जीपच्या मागे गेले आणि फळीला छाती लावली.

माझ्याने राहवलं नाही. "सुभेदारसाहेब, स्वतःच्या दमावर असं ठरलं होतं ना?"

"मग मी काय परका शे का?" ते गुरकावले. मग चढ्या आवाजात पुढे ओरडले, "गिअर टाक, शालन! मागल्या बारीले घाटमा मी बसेल व्हतू!"

त्यांनी जोर लावला. मी लावला, पोपटशेठनी लावला. खरं सांगतो, भंगारवाल्यानेही लावला, आणि सगळ्यात मोठ्याने 'हय्या' तोच म्हणाला. जीप चढ चढली, हिसका बसला, इंजिन भडकलं आणि ती रस्त्यावर धावायला लागली. थांबवली तर पुन्हा बंद पडायची, म्हणून शालनताई थांबेनात. "बसा! बसा!" ओरडत त्या रस्त्यावरच्या कडुलिंबापर्यंत गेल्या. सुभेदार देवरे, मिशीला घाम, रस्त्याने पळत सुटले, कडीला धरलं आणि उडी मारून त्यांच्या शेजारी बसले.

मग ते हात करायला आमच्याकडे वळले, तेव्हा दिसलं. फळीवरचा रंग ओला होता. निळ्या शर्टावर छातीभर, उलट्या अक्षरांत, पण वाचता येईल असं नाव उमटलं होतं. त्यांना ते माहीत नव्हतं. ते छाती काढून हात हलवत होते.

मंदा रडायला लागली. मी फाटक लावायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. वळून पुन्हा बघितलं तेव्हा जीप कोपऱ्यावर गेली होती. शालनताईंनी मान वळवली, शर्टाकडे बघितलं, आणि त्यांचं हसू आम्हाला फाटकापर्यंत ऐकू आलं. पुसून मात्र टाकलं नाही.